एका काडतुसावर हक्क कोणाचा

नेमबाजीच्या .२२ रायफलीचे काडतूस करंगळीच्या पेराएवढे असते. पितळेची छोटी पुंगळी, तिच्या बुडाच्या कडेत भरलेला पेट घेणारा मसाला, चिमूटभर दारू आणि तोंडाशी अडीच ग्रॅमच्या आसपास शिसे, एवढाच त्याचा संसार. वरच्या दर्जाच्या स्पर्धेत चालतील अशी काडतुसे आपले नेमबाज बहुतेक परदेशातलीच वापरतात. बर्मिंगहॅमची इली, जर्मनीची आरडब्ल्यूएस, मूळ फिनलंडची लापुआ ही नावे रेंजवरच्या पोरांनाही पाठ असतात. गेल्या काही वर्षांत ही काडतुसे महाग झाली आणि मध्येमध्ये मिळेनाशीही झाली. करोनात कारखाने आणि जहाजे अडली, फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनवर हल्ला झाला, आणि रुपया उतरत राहिला. जो मुलगा वर्षातले २०० दिवस रोज १०० गोळ्या झाडतो, त्याला २०,००० काडतुसे लागतात. एका काडतुसामागे ५ रुपये वाढले तर त्याच्या घरावर वर्षाला १ लाखाचा बोजा पडतो. म्हणून या विषयावरचे बोलणे पैशापाशी सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. पण त्याच्या तळाशी धर्माचा एक जुना प्रश्न आहे. जी वस्तू वापरताक्षणी नष्ट होते, जिच्यात जीव घेण्याची ताकद आहे आणि जी सगळ्यांना पुरेल एवढी नाही, तिच्यावर माणसाचा हक्क कशाने ठरतो? पैसे मोजले म्हणून, परवाना मिळाला म्हणून, की आणखी कशाने? माझे म्हणणे असे की काडतुसावरचा हक्क ते झाडताना दिलेल्या अवधानातून येतो. जे काडतूस त्या वाटेने जाणारच नाही, ते पावतीनिशी कपाटात असले तरी धर्माच्या हिशेबात धारकाचे होत नाही.

हा प्रश्न धाराशिव जिल्ह्याच्या मातीत उभा करण्याला कारण आहे. तुळजापूरची भवानी अष्टभुजा महिषासुरमर्दिनी आहे. नवरात्रात तिची भवानी तलवार अलंकार महापूजा बांधली जाते, आणि देवीने शिवरायांना तलवार दिल्याची आख्यायिका इथल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. खंडेनवमीला जिल्ह्यातल्या वाड्यांतून, पोलीस ठाण्यांतून, शेतकऱ्यांच्या ओसरीवरून शस्त्रे आणि अवजारे पुसून पूजेला मांडतात. त्याच जिल्ह्यात कुंथलगिरी आहे. कुलभूषण आणि देशभूषण या जैन मुनींची ती मोक्षभूमी, आणि आचार्य शांतिसागर महाराजांनी सप्टेंबर १९५५ मध्ये सल्लेखना पूर्ण करून देह ठेवला तो हाच डोंगर. एका ठिकाणी शस्त्र हे देवीच्या हातातले दान आहे, दुसऱ्या ठिकाणी ते श्रावकाने शक्यतो घरातही ठेवू नये अशी वस्तू आहे. या दोन दृष्टींत कोणती खरी असे विचारण्याची आपल्याला सवय नाही. यात्रेकरू दोन्हीकडे श्रद्धेने जातो. काडतुसांच्या टंचाईत मात्र निवड टाळता येत नाही. खेळातल्या गोळीला शत्रू नाही आणि शिकारही नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकारीचा मार्ग बंद केला, तेव्हापासून नागरिकाच्या हौशी बंदुकीसमोर उरला आहे तो कागदाचा चांद. मग ही गोळी देवीच्या बाजूची की मुनींच्या आक्षेपाची?

आधी टंचाई कशी घडते ते नीट पाहू, कारण तिच्या घडणीतच नीतीचा पुरावा आहे. धूरविरहित दारूचा आधार नायट्रोसेल्युलोज. तो बनतो कापसापासून, मुख्यतः सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून. म्हणजे ज्या पिकावर मराठवाड्याचे कित्येक हंगाम उभे राहिले आणि कोसळले, त्याचाच उरलासुरला भाग तोफेच्या गोळ्याला ढकलतो आणि खेळाच्या गोळीलाही. युक्रेनच्या युद्धात युरोपला तोफगोळे कमी पडू लागले, तसा हा तंतू आणि ही दारू सैन्याकडे वळली. शिसे कठीण करायला आणि मसाल्यात वापरायला अँटिमनी लागते. चीनने सप्टेंबर २०२४ पासून त्याच्या निर्यातीवर निर्बंध घातले. लापुआची मालकी नाम्मो या नॉर्डिक कंपनीकडे आहे आणि नाम्मो तोफगोळेही बनवते. एकाच छपराखाली दोन गिऱ्हाइके उभी असली की कोणाला आधी माल मिळणार हे सांगायला नको. पुण्याच्या बालेवाडीत किंवा वरळीच्या महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर एखाद्या मुलीचा सराव अर्ध्यावर येतो, तेव्हा दूरच्या आघाडीवरची खरी माणसे मरत असतात आणि तिची अडचण त्या मरणाची फार लांबून आलेली सावली असते. हे लक्षात ठेवले तर आपल्या तक्रारीला प्रमाण राहते.

पण सगळीच टंचाई युद्धाने येत नाही. डिसेंबर २०१२ मध्ये अमेरिकेत सँडी हूकच्या शाळेत हत्याकांड झाले आणि आता बंदुकांवर बंधने येणार या धास्तीने लोक दुकानांकडे धावले. त्यात .२२ ची काडतुसेही नाहीशी झाली, जी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपद्रवी समजली जात. कारखाने पूर्ण वेगाने चालू होते, कोणी कच्चा माल अडवला नव्हता, कोणती सीमा बंद झाली नव्हती. तरीही पुढे बराच काळ फळ्या रिकाम्या राहिल्या, वॉलमार्टला एका गिऱ्हाइकाला दिवसाला तीनच खोकी अशी मर्यादा घालावी लागली. माल तयार होत होता आणि घराघरांत जाऊन निजत होता. २०२० मध्ये करोना आणि निवडणूक यांच्या भीतीने तेच पुन्हा घडले. दोन्ही वेळी लोकांनी काडतुसे झाडण्यासाठी घेतली नाहीत, उद्या मिळणार नाहीत म्हणून घेतली; आणि त्यांनी घेतली म्हणूनच ती उद्या मिळाली नाहीत. भीतीने केलेला साठा स्वतःच्या भीतीला खरे ठरवतो. अर्थशास्त्राला हे वर्तन समजावून सांगता येते, पण त्याला दोष म्हणायचे की नाही हे ठरवायला धर्मविचाराकडे यावे लागते.

त्या विचारातला सर्वांत कडक आक्षेप कुंथलगिरीच्या बाजूने येतो आणि तो हलका मानण्यात अर्थ नाही. जैन आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचारात गृहस्थासाठी अनर्थदंडापासून दूर राहण्याचे व्रत सांगितले आहे. प्रयोजनाशिवाय केलेली हिंसा, हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, दुसऱ्याच्या नाशाचे चिंतन, मन बिघडवणारे श्रवण, पापाचा उपदेश, असे त्याचे प्रकार. उगाच जमीन उकरणे, उगाच पाणी सांडणे, उगाच झाडपाला तोडणे हेसुद्धा त्यात येते. शेतकरी नांगरतो ते चालते, कारण त्याला प्रयोजन आहे. काठीने सहज ढेकळे फोडत बसणे चालत नाही. ही कसोटी हाती घेतलेला माणूस नेमबाजाला सरळ विचारेल: तुझ्या वीस हजार गोळ्यांनी कोणाचे पोट भरले, कोणाचे रक्षण झाले? शिसे मातीच्या बांधात गेले, धूर हवेत गेला, कागदाला भोक पडले. यापेक्षा उगाच काय असू शकते? काडतुसे दुर्मीळ होत असतील तर आनंदच मानावा.

याला उत्तर देताना पदके मोजून दाखवणे मला पटत नाही. ऑलिंपिकच्या कांस्यपदकाने अनर्थ अर्थपूर्ण होत नाही. पदक हा जगाचा निकाल आहे, व्रताचा नाही. उत्तर शोधायचे तर त्याच परंपरेतल्या हिंसेच्या व्याख्येकडे जावे लागते. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसा केवळ जीव जाण्याने ठरत नाही. प्रमादाने, म्हणजे बेसावध मनाने, जीव घेणे ही हिंसा. सावध चालणाऱ्या मुनीच्या पायाखाली नकळत कीटक सापडला तर त्याचा दोष वेगळा, आणि बेफिकीर चालणाऱ्याच्या पायाखाली काहीच सापडले नाही तरी तो दोषी. ही कसोटी घेऊन रेंजवर या. तिथला प्रत्येक नियम प्रमादाविरुद्ध उभा आहे. नळी कायम लक्ष्याकडे, बोल्ट उघडा, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरच्या बाहेर, फायर थांबवा असे म्हटल्याबरोबर हात थांबला पाहिजे, पुढे कोणी गेले असेल तर रायफलीला स्पर्शही नाही. एनसीसीच्या फायरिंगनंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा कराव्या लागतात. एक जरी कमी पडली तरी शोध सुरू होतो. ध्यानाला बसलेल्या माणसाचे चित्त भरकटले तर नुकसान त्याचे एकट्याचे. इथे चित्त भरकटले तर शेजारच्या लेनमधला माणूस दगावू शकतो. माणसाच्या हाती जीव घेण्याची ताकद देऊन, ती ताकद शेकडो वेळा कोणालाही इजा न होता रिकामी करायला शिकवणारी ही शिस्त आहे. तिला निष्प्रयोजन म्हणता येणार नाही. मुंडकोपनिषदाने ब्रह्म हे लक्ष्य आणि आत्मा हा बाण असे रूपक रचताना वेध घेणाऱ्यासाठी अट घातली ती सामर्थ्याची नाही, अप्रमत्त असण्याची. वैदिक आणि जैन या दोन परंपरा ज्या थोड्या जागी एकाच खुणेपाशी येतात, त्यांतली ही एक आहे.

मात्र या उत्तराची किंमत नेमबाजाला मोजावी लागते. गोळीला दोषातून सोडवते ते फक्त अवधान. ते काढून घेतले की आक्षेप जसाच्या तसा परत येतो. आणि कपाटात बंद करून ठेवलेल्या काडतुसांना कोणते अवधान मिळते? तिथे हिंसेचे साधन आहे, प्रयोजन नाही, शिस्त नाही, फक्त असल्याचे समाधान आहे. तत्त्वार्थसूत्र परिग्रह ठरवते तो वस्तूवरून नाही, वस्तूबद्दलच्या मूर्च्छेवरून, म्हणजे आसक्तीवरून. म्हणजे नेमबाजीवर रोखलेली कसोटी नेमबाजीला लागत नाही, साठ्याला लागते. याच जिल्ह्यातल्या परंड्याच्या किल्ल्यात आजही तोफगोळे पडून आहेत. अहमदनगरला १५४९ मध्ये ओतलेली मलिक-ए-मैदान ही प्रचंड तोफ याच किल्ल्यावर होती आणि १६३२ मध्ये ती विजापूरला गेली. तोफ गेली, निजामशाही गेली, आदिलशाही गेली, गोळे राहिले. त्या गोळ्यांनी कोणाचे रक्षण केले असेल तर ते झाडले गेले त्यांनी. जे कोठारात उरले त्यांचे वजन फक्त वाहणाऱ्यांच्या पाठीला कळले असेल.

एक विरोधाभास इथे सहज पुढे येतो आणि तो महाराष्ट्राच्या जवळचा आहे. राष्ट्रीय रायफल संघटना १९५१ मध्ये स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष होते गणेश वासुदेव मावळणकर. बडोद्यात जन्मलेला हा मराठी माणूस, अहमदाबादचा वकील, गांधीजींच्या आंदोलनांत तुरुंगात गेलेला, पुढे लोकसभेचा पहिला अध्यक्ष. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेच्या वाटेवरचा टप्पा म्हणून आजही प्रत्येक होतकरू नेमबाजाला माहीत असते. गांधींच्या माणसाने रायफलीची संघटना का उभारली? १८७८ च्या शस्त्रकायद्याने एका समाजाच्या हातातून शस्त्र काढून घेतले होते, आणि खुद्द गांधीजींनी १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी काढलेल्या पत्रकात त्या कायद्याला इंग्रजी राज्याच्या सर्वांत काळ्या कृत्यांत गणले होते. ज्याला शस्त्र हाताळताच येत नाही त्याचा शस्त्रत्याग म्हणजे नाइलाज. ज्याच्या हाती ते आहे, ज्याला ते नेमके चालवता येते आणि तरी जो कोणावर चालवत नाही, त्याच्याच अहिंसेला वजन असते. मावळणकरांच्या मनात नेमका हाच विचार होता असा दावा मी करत नाही. पण त्यांच्या आयुष्यातल्या या दोन गोष्टी एकमेकींना छेद देत नाहीत, एवढे मला दिसते.

दुसरा आक्षेप अध्यात्माच्या सुरातून येतो. काहीजण म्हणतील, अवधान हेच मूल्य असेल तर टंचाई हितकर आहे; गोळ्या कमी पडल्या की प्रत्येक गोळी मनापासून झाडली जाईल. यात अर्धे सत्य आहे. नाशिकचे भीष्मराज बाम पोलीस सेवेतून आलेले, योगाच्या आधाराने मनाची तयारी करून घेणारे मार्गदर्शक. अंजली भागवत, सुमा शिरूर अशा नेमबाजांनी त्यांच्याकडे धडे घेतले. त्यांच्या कामाने महाराष्ट्राला शिकवले की नेमबाजीतला मोठा भाग गोळी सुटण्याआधीच संपलेला असतो: श्वास, स्थैर्य, नजर, आणि निकालाची ओढ सोडणे. रिकाम्या रायफलीवर तासन्‌तास केलेला कोरडा सराव यासाठीच असतो, आणि त्याला काडतूस लागत नाही. ५० मीटरवरच्या लक्ष्यातल्या दहाच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मिलिमीटर असतो. तो गाठायला दारूपेक्षा मन जास्त लागते. तरीही टंचाईला गुरू मानणे मला अन्यायाचे वाटते. कोरड्या सरावात धक्का नाही, आवाज नाही, वारा नाही, आणि कोणत्या बनावटीचे काडतूस आपल्या नळीला मानवते हे कळत नाही. शिवाय महाग गोळी मनाला जो बोजा देते तो अवधानाच्या उलट असतो. ट्रिगरवर बोट असताना जिला वडिलांचे कर्ज आठवते, ती मुलगी निकालाची ओढ कशी सोडणार? राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे पॅरिसमध्ये २०२४ ला ५० मीटर रायफल थ्री पोझिशनचे कांस्यपदक जिंकला, तेव्हा त्याच्या शिक्षक वडिलांनी काडतुसांसाठी कर्ज काढल्याचे सगळ्यांनी वाचले आणि कौतुक केले. कौतुक योग्यच होते. पण कर्ज काढण्याची पत ज्या शिक्षकाकडे नव्हती, ज्या शेतकऱ्याकडे नव्हती, त्याच्या मुलाची बातमी होत नाही. अपरिग्रह स्वतःहून पत्करला तरच व्रत ठरतो. जो दुसऱ्यावर लादला गेला, त्याला आपल्या भाषेत दारिद्र्य म्हणतात, आणि दारिद्र्याची थोरवी दुरून गाणाऱ्यांपासून आपल्या संतांनी नेहमी अंतर ठेवले.

मग एकलव्याचे काय, असे कोणी विचारेल. गुरू नाही, राजाश्रय नाही, तरी तो अर्जुनाच्या पुढे गेला. साधनांची तक्रार दुबळ्यांनी करावी. ही कथा गरिबाला गप्प करण्यासाठी इतकी वापरली गेली आहे की तिच्यातली एक साधी गोष्ट दिसेनाशी झाली. बाण परत मिळतो. अरण्यात वेळू होते, पिसे होती, आणि सोडलेला बाण वेचून आणता येत होता. एकलव्याचा सराव त्याच्या अंगमेहनतीवर चालू शकत होता. गोळी परत येत नाही. प्रत्येक नेमामागे काहीतरी कायमचे संपते, आणि ते संपणारे दुसऱ्या कोणाच्या खाणीतून, कोणाच्या कारखान्यातून, कोणाच्या कापसातून आलेले असते. म्हणून धनुर्विद्येपेक्षा नेमबाजी यज्ञाच्या जास्त जवळ आहे. आहुती दिली की द्रव्य उरत नाही, आणि द्रव्य एकट्याच्या मालकीचे आहे असे यज्ञात मानलेही जात नाही. गीतेचा तिसरा अध्याय याच संदर्भात, मिळालेले भोगून त्याची परतफेड न करणाऱ्याला चोर म्हणतो. भागवताच्या सातव्या स्कंधात नारद युधिष्ठिराला गृहस्थधर्म सांगताना, पोट भरेल तेवढ्यावरच देहधाऱ्याचा हक्क आहे, त्याहून अधिकावर हक्क सांगणारा चोर आहे असे बजावतो. गांधीजींनी १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना लिहिलेल्या व्रतविचारात, ज्याची गरज नाही ती वस्तू ठेवून घेणे हेही अस्तेयाचा भंग मानले. तीन वेगवेगळ्या काळांत हा विचार चोरीच्याच कठोर शब्दापर्यंत गेला, तो ऐकायला बरा वाटतो म्हणून नाही. ज्या वस्तूचा पुरवठा मर्यादित आहे तिथे माझ्या ताब्यातले जास्तीचे हे दुसऱ्याच्या ताब्यातले कमी असते, आणि हे केवळ रूपक नसून शब्दशः खरे असते.

याला शेतकऱ्याच्या जिल्ह्यात लगेच उत्तर मिळेल: आम्ही बियाणे राखून ठेवतो, तेही चोरी आहे का? पुढच्या पेरणीचे ठेवून मगच खावे, ही आमच्या आज्याची शिकवण आहे. आक्षेप योग्य आहे, आणि २०२० च्या खरिपात विकतचे सोयाबीन मराठवाड्यात जागोजाग उगवलेच नाही तेव्हा घरचे बियाणे राखणारा शेतकरी शहाणा ठरला. पण राखलेल्या बियाण्याला तीन गोष्टी बांधलेल्या असतात: किती एकर, कोणता हंगाम, आणि पेरल्यानंतर त्यातून वाढ. बियाण्याचे पोते दुसऱ्या पेरणीपर्यंत तसेच ठेवणाऱ्याला कोणी दूरदर्शी म्हणत नाही. नेमबाजानेही पुढच्या स्पर्धेपर्यंतचा, एकाच बॅचचा साठा ठेवावा. बॅच बदलली की लक्ष्यावरचा गोळ्यांचा गट बदलतो हे जाणणारा कोणीही याला लोभ म्हणणार नाही. ज्या साठ्याला स्पर्धेची तारीख आहे आणि रोजच्या सरावाचा आकडा आहे, ती तरतूद. ज्या साठ्याला तारीखच नाही, तो वर सांगितलेली मूर्च्छा. दोन्हींतला फरक बाहेरच्याला दिसणार नाही, पण ठेवणाऱ्याला तो नक्की माहीत असतो.

बाजाराची बाजू मी थोडक्यात घेतो, कारण इथे ती फार लांब जात नाही. किंमत वाढली की ज्याला खरी गरज तोच घेईल, असे म्हणतात. मोकळ्या बाजारात कदाचित तसे होत असेल. काडतुसाचा बाजार मोकळा नाही आणि तो मोकळा असूही नये. त्याला परवाना लागतो, आयातीला परवानगी लागते, शस्त्र नियम २०१६ आणि फेब्रुवारी २०२० ची अधिसूचना यांनी नेमबाजाच्या दर्जानुसार त्याचा वार्षिक कोटा ठरवला आहे. वरच्या दर्जाच्या खेळाडूला मोठा कोटा मिळतो, आणि खेळत असेपर्यंत त्याला तो मिळायलाच हवा. पण कोटा ही कमाल मर्यादा आहे, हप्ता नाही. खेळ थांबल्यावरही जो पुरता कोटा उचलतो, त्याने कायदा मोडला नसेलही. त्याने फक्त समाजाने विश्वासाने दिलेली मोकळीक स्वतःची मिळकत समजली. कायदा जिथे थांबतो तिथून पुढच्या थोड्या अंतरासाठीच धर्माची गरज असते.

आता सर्वांत अवघड आक्षेप, आणि तो याच जिल्ह्याचा आहे. धाराशिवला पावसाचा भरवसा नाही, शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी गावे पोळली आहेत, नीती आयोगाच्या २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. अशा ठिकाणी परदेशी काडतुसांच्या न्यायवाटपाची चर्चा म्हणजे भरल्या पोटाचे तत्त्वज्ञान, असे कोणी म्हटले तर त्याचा राग येऊ नये. शिवाय या जिल्ह्याने आपला खेळ शोधलेला आहे. खो-खोला दोन खांब आणि सपाट जमीन पुरते. त्यातूनच सारिका काळे घडली आणि २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. पायांनी जिंकता येत असताना शिशाने जिंकण्याचा हट्ट कशाला? मला वाटते हा आक्षेप खेळांची तुलना करतो आणि माणसाची निवड विसरतो. गरीब जिल्ह्याच्या मुलीने स्वस्त खेळच खेळावा, हे ठरवण्याचा अधिकार टंचाईला द्यायचा का? तसे केले तर वाटपाचा प्रश्न सुटत नाही, तो न विचारताच निकाली निघतो, आणि निकाल नेहमीप्रमाणे दूर राहणाऱ्याच्या विरुद्ध जातो. पुणे इथून सुमारे अडीचशे किलोमीटरवर आहे. एवढे अंतर तोडून रेंजवर पोचलेल्या मुलीला खोके संपले म्हणून सांगायचे, आणि त्याच वेळी शहरातल्या कपाटात खोकी धूळ खात असायची, यात मला दुष्काळाशी नाते दिसते. मराठवाड्यातली पाण्याची टंचाई कमी पावसाइतकीच अडवलेल्या आणि एकट्याने उपसलेल्या पाण्यातून झाली, हे इथल्या विहिरींना ठाऊक आहे.

करण्यासारखे काय आहे ते तसे मोठे नाही. सुरुवात १० मीटरच्या एअर रायफलीने व्हावी. तिचा छर्रा ४.५ मिलिमीटरचा, तिला दारू लागत नाही, ठरावीक ताकदीपर्यंतच्या रायफलीला परवाना लागत नाही, आणि शाळेच्या एका लांब खोलीत ती रेंज बसते. अवधानाचे बहुतेक शिक्षण तिथेच होऊन जाते, आणि .२२ कडे तीच मुले जातात ज्यांना खरोखर जायचे आहे. काडतूस हातउसने देता येत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून ज्याच्याकडे परवाना आणि कोठार दोन्ही आहेत त्या रायफल क्लबने आपला साठा रेंजवरच वापरायला द्यावा. किती आले, कोणाला किती दिले, किती पुंगळ्या परत आल्या, ही वही सदस्यांसाठी उघडी असावी. देण्याचा क्रम वर्गणीवर नसावा, पुढच्या स्पर्धेच्या तारखेवर आणि झाडलेल्या गोळ्यांच्या नोंदीवर असावा. ज्याची नोंद सहा महिने कोरी आहे, त्याचा वाटा त्या हंगामापुरता दुसऱ्याकडे वळावा आणि तो परत सरावाला आला की त्याला मिळावा. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून महाराष्ट्रात आहे आणि आता तो ज्या म्युनिशन्स इंडिया कंपनीत आला तिचे मुख्यालयही पुण्यातच आहे. स्पर्धेच्या प्रतीचे .२२ काडतूस इथे बनवणे अशक्य आहे असे मानायला आधार नाही. मात्र उद्या ते बनले आणि स्वस्त झाले, तरी या वहीची गरज संपणार नाही. अमेरिकेतल्या रिकाम्या फळ्या भरपूर उत्पादनाच्याच काळातल्या होत्या.